कॉलरीचं टोक

भिंगरीला खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतंच. पोर एका जागी टिकत नाही म्हणून आजीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि आजी गेल्यानंतरही घरात, जिन्यात, कोपऱ्यावरच्या दुकानात सगळे तिला तेच म्हणत राहिले. तिची आई बेकरीत कामाला होती आणि रविवार म्हणजे बेकरीत श्वास घ्यायला उसंत नाही. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा. त्याचं दुकान रविवारी बंद. त्यामुळे रविवारची भिंगरी बाबाच्या वाट्याला यायची. बागेतले झोपाळे झाले, तळ्यातली बदकं झाली. मग एका रविवारी वारा फार सुटला म्हणून दोघं समोर दिसलेल्या इतिहास संग्रहालयात शिरले आणि पुढे तिथलेच होऊन गेले.

संग्रहालय जुन्या पोस्टाच्या इमारतीत होतं. खाली नाणी, तलवारी, राजेलोकांचे आरसे. ते बघून व्हायला भिंगरीला फार वेळ लागला नाही. पण वर, जिथे पूर्वी पत्रं निवडायचे त्या लांबलचक खोलीत, रविवारी मुलांनी आणि घरच्यांनी मिळून काहीतरी हाताने करायचं असे. कधी मातीचे शिक्के, कधी पुठ्ठ्याच्या मागावर बोटभर विणकाम, कधी मुद्दाम फोडलेल्या कुंडीचे तुकडे जुळवून तिचा मूळ आकार शोधणं. बाकीचे बाप मुलांना बसवून द्यायचे आणि खिडकीपाशी फोन चाळत उभे राहायचे. बाबा मात्र बाह्या सरसावून बसायचा. दिवसभर भिंगं बसवणाऱ्या माणसाचा हात स्थिर असतो. त्याने जुळवलेल्या कुंडीचं कौतुक भिंगरी कितीतरी दिवस वर्गात सांगत होती.

हे सगळं ज्या चालवायच्या त्यांना सगळे मॅडम म्हणत. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल शोधण्यात त्यांचा निम्मा वेळ जायचा. एका रविवारी त्यांनी नवीन उपक्रम सांगितला. प्रत्येक घराने घरातली एक वस्तू आणायची. मौल्यवान नको, वापरलेली हवी. तिच्याशेजारी लावायची माहितीची पाटी घरच्यांनीच लिहायची, आणि ठरलेल्या रविवारी त्या वस्तूपाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना तिच्यावर काहीतरी करून बघू द्यायचं. त्यानंतर काही महिने त्या वस्तू जिन्याशेजारच्या दालनात राहणार होत्या.

भिंगरीला वस्तू शोधावी लागली नाही. आजीचं शिलाईचं मशीन मागच्या गॅलरीत उभं होतं. वर कुंड्या, खाली रद्दी. बाबालाही ते एकदम पटलं. त्याने त्याच संध्याकाळी पाटी लिहून टाकली: हे माझ्या आईचं मशीन. ती हौसेने शिवायची आणि शिवताना गुणगुणायची. आमचे पडदे, माझे कपडे, शाळेच्या नाटकातल्या वाघाचं कातडं, सगळं यावरच झालं.

मॅडमना पाटी आवडली. त्यांनी पेन्सिल शोधून काढली, काही खूण केली नाही, नुसतं विचारलं की हे मशीन ओळखणारं आणखी कोणी आहे का. बाबा म्हणाला, तसं कोणी नाही.

“आत्या आहे की,” भिंगरी म्हणाली.

आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण, त्याच्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी. मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तिच्या बोलण्यालाही रिपोर्टची सवय लागली होती. सापडलं तेवढंच सांगायचं, वर एक शब्द नाही. भावाबहिणीत भांडण असं झालेलं नव्हतं. पण शेवटची दोन-तीन वर्षं त्यांच्या आईला, म्हणजे भिंगरीच्या आजीला, काही आठवेनासं झालं तेव्हा तिला खाऊपिऊ घालणं, न्हाऊ घालणं, पलंगावरून उठवणं हे सगळं बाबाने आणि भिंगरीच्या आईने केलं. आत्या रविवारी यायची, पलंगाशेजारच्या खुर्चीत तासभर बसायची, औषधांच्या बाटल्या वाचायची आणि निघून जायची. आई गेली तेव्हा ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. बाबाने हे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण ते त्याच्या मनातून गेलंही नव्हतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं होतं.

मॅडमचा नियम होता की वस्तू ओळखणाऱ्या प्रत्येकाने पाटी वाचायला हवी. बाबाने ती फोनवर आत्याला पाठवली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘हौसेने’ हा शब्द काढ.

बाबाने विचारलं, का. तिने कळवलं, खरं नाही म्हणून. बाबाला राग आला. त्याने लिहिलं की हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यावर आत्याचं उत्तर आलं: तू पाहिलंस ते नंतरचं.

पुढे काही नाही. बाबाने फोन पालथा ठेवला आणि भिंगरीच्या आईला म्हणाला की एका शब्दावरून एवढं. भिंगरीची आई दिवसभर उभी राहून दमली होती. ती म्हणाली, एकच शब्द आहे तर काढून टाक. पण तेही त्याच्याने होईना.

शनिवारी दुपारी संग्रहालयात पाटी लिहिण्याची बैठक होती. एका टेबलाशी एक घर. आत्या येईल असं बाबाला वाटलं नव्हतं. ती वेळेच्या आधी येऊन बसली होती, पर्स मांडीवर धरून, डॉक्टरच्या खोलीबाहेर बसावं तशी. शेजारच्या टेबलावर एक आजोबा कंदिलाबद्दल इतकं सांगत होते की त्यांच्या सुनेने लिहायचं सोडून हनुवटीला हात लावला होता. मॅडम टेबलाटेबलाशी जाऊन पद्धत समजावत होत्या. प्रत्येकाने आपापलं वेगळं लिहायचं. स्वतः पाहिलेलं एका बाजूला, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. मग वाचून दाखवायचं आणि ज्याला सगळे मान डोलावतील ते पाटीवर घ्यायचं.

बाबाने आधी वाचलं. लहानपणी तो मशीनखाली बसून पायडल हाताने हलवायचा आणि बाजूचं मोठं चाक म्हणजे बसचं स्टिअरिंग धरून चालवायचा. आई वरून तिकीट मागायची. वाघाचं शेपूट तिने चुकून पुढच्या बाजूला शिवलं होतं, आणि तो ते घालून समोर आला तेव्हा ती इतकी हसली की तिला मशीनचा आधार घ्यावा लागला. भिंगरीला हे सगळं पाठ होतं, तरी ती हसली. आत्या मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी घरची हकिगत ऐकावी तशी ऐकत होती.

मग तिने वाचलं. तिचा कागद छोटा होता.

“कारखान्यातून शर्टाच्या कॉलरींचे गठ्ठे यायचे. आई त्या उलट्या बाजूने शिवायची, मी सुलट्या करायची. लाकडी काडी आत घालून टोक काढायचं. टोक बोथट राहिलं तर कॉलर परत यायची. काडी बाहेर आली तर कॉलर वाया जायची आणि हातावर पट्टी बसायची. मशीन चालू असताना बोलायचं नाही. अभ्यास मशीन थांबल्यावर. मशीन थांबायचं नाही.”

भिंगरीने विचारलं, पट्टी म्हणजे कसली. आत्या म्हणाली, कपडा मोजायची, लाकडाची. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. प्रश्नाला उत्तर होतं एवढंच.

बाबाचे कान गरम झाले. आईने त्याला आयुष्यात कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. आता ती उत्तर द्यायला नाही, आणि इथे चार लोकांत, कंदिलवाल्या आजोबांच्या शेजारी बसून तिच्याबद्दल हे बोललं जातंय, हे त्याला सहन होईना. तो दबक्या आवाजात म्हणाला की तुला तिच्यात कधी चांगलं काही दिसलंच नाही. ती असताना पाहुण्यासारखी यायचीस, आणि आता हे. आत्या चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. तिने कागदाची घडी घातली.

“तू जिच्याबद्दल सांगतोयस ना धाकट्या,” ती म्हणाली, “तिला मी कधी भेटलेच नाही.”

मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी भिंगरीला विचारलं की दोघांना मान्य असं काय काय आहे. भिंगरीने पेन्सिल चावत दोन्ही कागद पाहिले आणि मोठ्याने वाचलं, “हे मशीन आमच्या आईचं होतं. ते काळं आहे.”

“काळं नव्हतं,” आत्या म्हणाली. “सोनेरी वेलबुट्टी होती सगळ्यावर. पुढच्या बाजूला मोर होता.”

बाबाने त्यावर कधी मोर पाहिला नव्हता. त्याच्या आठवणीतलं मशीन पहिल्यापासून काळं, गुळगुळीत, तव्यासारखं. मग पाटीवर फक्त पहिलं वाक्य उरलं. आत्या घड्याळाकडे बघून उठली, भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत गेला. त्याने कुंड्या खाली काढून ठेवल्या आणि ओल्या फडक्याने मशीन पुसलं. कामाच्या पिशवीतलं भिंग आणून तो बारकाईने बघत बसला. सुईच्या खालच्या पट्टीवर काही नव्हतं. मानेच्या आतल्या बाजूला, जिथे कापड पोचत नाही तिथे, सोनेरी रंगाची एक वाकडी रेघ होती आणि तिच्याशेजारी डोळ्याएवढा ठिपका. मोराचा पिसारा असेल किंवा पानही असेल. बाकी सगळं कापडाने खाल्लं होतं. असं धातूवरचं चित्र निघून जायला किती कापड सरकावं लागत असेल, याचा अंदाज त्याला येत होता. घासणं हा तर त्याचा धंदाच होता. चार पडदे आणि एका वाघाने ते झालं नसतं.

तो तिथेच स्टुलावर बसून हिशेब लावायला लागला. त्याला कॉलरींचे गठ्ठे मुळीच आठवत नव्हते. घरात एवढं काम चाललेलं आणि मुलाला ते ठाऊक नाही, असं कसं होईल. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर असायचे, घरी आले तरी झोपायलाच. त्यांनी कधी सांगितलं नाही, आईनेही नाही. शेवटी त्याने आत्याला फोन लावला आणि विचारलं की कॉलरी कधी थांबल्या.

“मला नोकरी लागली तेव्हा,” आत्या म्हणाली.

तिला प्रयोगशाळेत नळ्या धुवायची नोकरी लागली तेव्हा ती अठराची होती आणि बाबा तीनचा. पहिल्याच महिन्यात आईने गठ्ठे परत पाठवून दिले. वर्षभराने आत्याला इस्पितळाने शिकायला दुसऱ्या शहरात पाठवलं. तिथे ती वसतिगृहात राहिली, मग तिथेच नोकरी, आणि परत आली तेव्हा बाबाला मिसरूड फुटलं होतं. हे त्याला तुकड्यातुकड्याने माहीत होतं, फक्त त्याने ते कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. तो आजवर समजत आला होता की ताईला घराची ओढ नव्हती म्हणून ती गेली.

आत्या पुढे म्हणाली, “मला शाबासकी नकोय. तू विचारलंस म्हणून सांगितलं.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. तुझा नाही, तिचा. सुटीला आले की ती खुर्चीत बसलेली असायची, नुसती. मला बघितलं की उठायची, काहीतरी काम काढायची. माझ्यासमोर तिला नुसतं बसवायचं नाही.”

ठरलेल्या रविवारी येशील का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली ड्यूटी आहे, बघते.

ठरलेल्या रविवारी बाबाने आणि बेकरीच्या गाडीवाल्याने मिळून मशीन वरच्या खोलीत चढवलं. त्याचे पाय ओतीव लोखंडाचे; जिन्याच्या वळणावर गाडीवाल्याने आजीला चार सन्मानपूर्वक शब्द ऐकवले. खोलीत कंदील होता, जातं होतं, एक टपालाची पिशवी होती, कुणाची तरी रेडिओची पेटी होती. मॅडमनी प्रत्येक टेबलासमोर मुलांसाठी ठोकळे मांडले होते, म्हणजे लहानांनाही पोचेल.

बाबाने सोपी युक्ती केली होती. सुईत दोरा घालायचा नाही, कापडाऐवजी कागद घालायचा. मूल पायडल मारणार, बाबा चाकावर हात ठेवून वेग आवरणार, आणि कागदावर भोकांची रांग उमटणार. मग तो कागद खिडकीशी धरला की उजेडाचे ठिपके दिसायचे. मुलांना वेड लागलं. भिंगरी रांग लावायला उभी होती आणि स्वतःच मधेमधे घुसत होती. एका मुलीने आपलं नाव काढलं, एकाने घर काढलं, एका आजीबाईंनी नातवाला बाजूला सारून सरळ एक रेघ काढली आणि कागद घडी करून पिशवीत टाकला.

दुपार कलायच्या बेतात आत्या आली. कामावरून थेट आली असावी. हातात पिशवी होती. तिने बाबाला सांगितलं की मॅडमचा फोन आला होता. मग मशीनवर बसलेल्या मुलाला म्हणाली, “उठतोस का जरा,” आणि बसली.

बाबाने तिला मशीनवर बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. तिने पिशवीतून पांढऱ्या कापडाचे कापलेले तुकडे काढले, बॉबीन काढून बघितली, पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, दोरा ओवला. चष्मा न काढता, पहिल्या फटक्यात. मग पाय ठेवले आणि मशीनचा आवाज बदलला. सकाळपासून ते खडखडत होतं. आता ते एकसारखं बोलायला लागलं. एक बाजू, कोपरा, वळण, दुसरा कोपरा. कॉलर झाली की ती बाजूला टाकायची, उलटी, चपटी, ओळखूही न येणारी. पुरेशा झाल्यावर ती थांबली आणि मुलांपुढे काड्या ठेवल्या.

तिने एकदाच करून दाखवलं. कॉलर बोटांवर उलटवायची, काडी आत सरकवायची, कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथे थांबायचं. ढकलायचं नाही, ती म्हणाली, विचारायचं. मुलं जीभ बाहेर काढून कामाला लागली. एका मुलाची काडी आरपार निघाली आणि तो घाबरून तिच्याकडे बघायला लागला. भिंगरीही बघत होती. आत्याने ती कॉलर त्याच्या हातातून घेतली, भोकातून पलीकडे पाहिलं आणि त्याला म्हणाली, “दुसरी घे.”

तयार कॉलर प्रत्येक जण तिच्या हातात आणून द्यायचा. ती टोक अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, किंचित दाबून फिरवायची, बघायची मात्र नाही. नजर दुसरीकडे, बोटं टोकावर. मग मान हलवायची. बाबा चाकापाशी उभा होता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिने तसं केल्यावर त्याला जाणवलं की हे आपण पाहिलेलं आहे. पाहिलेलं म्हणजे काय, आपल्या गळ्यापाशी झालेलं आहे.

मॅडमनी चहाची सुट्टी दिली तेव्हा तो आत्याला मागच्या जिन्यात घेऊन गेला. तिथे पायऱ्यांवर घडीच्या खुर्च्यांची चवड होती आणि कोपऱ्यात एक नळ. दोघं पायरीवर बसले, कागदी कप हातात. बाबाने सांगायला सुरुवात केली. शेवटच्या वर्षात तो आईची उशी सरळ करायला वाकला की ती त्याच्या शर्टाच्या कॉलरीचं टोक धरायची. अगदी असंच. अंगठा आणि बोट. आणि बघायची भलतीकडे.

“मला वाटायचं, जवळ घेतेय,” तो म्हणाला.

“तपासत होती,” आत्या म्हणाली.

बाबाला हसू आलं. आत्यालाही आलं असावं, कारण तिने कप तोंडाला लावला. मग बाबा थांबला. आणखी काहीतरी होतं. टोक धरल्यावर आई काहीतरी म्हणायची. त्याला त्या वेळी त्याचा अर्थ लागला नव्हता, आणि तेव्हा ती जे बोलायची त्यातलं बहुतेक अर्थाबाहेरचंच होतं. आता त्याच्या लक्षात आलं की या क्षणी आपण काहीही सांगू शकतो. आईच्या खोलीत तेव्हा तिसरं कोणी नव्हतं. बहीण बाजूला बसली आहे, कधी नव्हे ती वाट बघत. एखादं छान, पूर्ण वाक्य तिला देऊन टाकावं असं त्याला फार वाटलं. त्याने ते टाळलं आणि आठवेल तेवढंच सांगितलं.

“‘पोरीचं चांगलं निघालंय.’ असं काहीसं. कधी नुसतंच, ‘पोरीचंय.’ मला वाटायचं भिंगरीबद्दल बोलतेय.”

आत्याने कप पायरीवर ठेवला. मग तिने विचारायला सुरुवात केली, एकेक, प्रयोगशाळेत विचारावं तसं. एकदाच म्हणाली की पुन्हा पुन्हा. शुद्धीत होती का. औषधाच्या आधी की नंतर. कुठलाही शर्ट असला तरी, की टोक चांगलं असेल तेव्हाच. बाबाने माहीत होतं तेवढं सांगितलं. पुन्हा पुन्हा, पण दर वेळी नाही. शुद्धीचं सांगता येत नाही. शर्टांचं त्याने कधी लक्षात घेतलं नव्हतं.

“खरंच भिंगरीबद्दलही असेल,” तो शेवटी म्हणाला.

“असू शकतं,” आत्या म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “मी तिच्याकडे कधी कॉलरचं काही घालून गेलेच नाही. कामावरचा कोट काढून पिशवीत घालायचे आणि मग बेल वाजवायचे.”

ती उठली, नळाशी गेली आणि कप धुवायला लागली. कडेने बोट फिरवत, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. खूप वेळ पाणी वाहत होतं. मग कप कागदाचा आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने तो डब्यात टाकला, हात पुसले आणि म्हणाली, चल, मुलं थांबली असतील.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मॅडम पाटीचं विचारायला आल्या. या दोघांची पाटी तेवढी बाकी होती. बाबाने विचारलं की एकमत होत नसेल तर काय करायचं. मॅडम म्हणाल्या, मग तसं लिहा, आमच्या खालच्या मजल्यावर तर राजांबद्दलही होत नाही. त्यांची पेन्सिल या वेळी भिंगरीच्या केसांत निघाली. बऱ्याच खाडाखोडीनंतर पाटी झाली ती अशी:

‘आमच्या आईचं मशीन. आधी तिने यावर कारखान्याच्या कॉलरी शिवल्या. त्यांची टोकं तिच्या मुलीने काढली. मुलीला नोकरी लागल्यावर कॉलरी थांबल्या. मग आईने पडदे शिवले, आणि हौसेने एक वाघ. ती कशी होती याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. दोन्ही स्वतः पाहिलेली आहेत.’

वाघापुरती हौस आत्याने मान्य केली. जिन्यात झालेलं बोलणं पाटीवर घ्यावं का, असं बाबाने हळूच विचारलं होतं. ती म्हणाली, नको, त्याला पुरावा नाही. पण ते तिने नाकारल्यासारखं म्हटलं नाही. आपल्याजवळ ठेवून घेतल्यासारखं म्हटलं.

ती पाटी पुढे सगळ्यांत जास्त वाचली गेली असं मॅडम सांगायच्या. लोक घाईने जिना उतरताना थांबायचे. विशेषतः जे भाऊबहीण बरोबर आलेले असायचे ते; आधी हसायचे, मग एकमेकांकडे बघायचे आणि पुढे जायचे. काही महिन्यांनी बाकीच्या वस्तू आपापल्या घरी गेल्या, मशीन मात्र संग्रहालयाने शाळांच्या सहलींसाठी मागून घेतलं. बाबाने आत्याला विचारलं, तिची हरकत नव्हती. घरी ठेवायला तिला ते नकोच होतं. पण महिन्यातून एखाद्या रविवारी ती वरच्या खोलीत येऊन बसू लागली. भावाबहिणीचं गूळपीठ जमलं अशातला भाग नाही. आठवणी निघाल्या की अजूनही दोघांचे आवाज चढायचे, आणि भिंगरी मॅडमच्या थाटात विचारायची की पाहिलेलं का ऐकलेलं.

पण ते पुढचं. त्या पहिल्या रविवारी पाटी लावून झाल्यावर तिघं बसथांब्यावर उभे होते. दिवे नुकतेच लागले होते. रांगेत आत्या पुढे, मग भिंगरी, मग बाबा.  आत्याने मागे न वळता विचारलं, “ती हसायची म्हणजे कशी?”

बाबाने सांगायचा प्रयत्न केला. मोठ्याने नाही. तसं हळूही नाही. म्हणजे आधी काही ऐकूच यायचं नाही. तो अडखळला, रोज ऐकलेली गोष्ट सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. भिंगरी दोघांच्या मधे होती. तिने हातातली पिशवी बाबाकडे दिली, आत्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आजी हसायची तशी हसून दाखवली. आधी नुसते खांदे हलले. मग तळहात तोंडावर गेला. मग डोळे मिटले, आणि अगदी शेवटी, श्वास संपत आल्यावर, उचकीसारखा एकच बारीक आवाज निघाला. रांगेतली माणसं बघायला लागली.

आत्याची बस आली. दार उघडलं, मागच्या माणसाने चढता का म्हणून विचारलं. ती बाजूला सरकली आणि त्याला पुढे जाऊ दिलं.

“पुन्हा दाखव,” ती भिंगरीला म्हणाली. “हळू दाखव.”